लाल दिव्याची वाट पाहू नका
(चिंचवड येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षेपाने)

मंडळी, पिंपरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांत हयात घातलेले लोक समोर आहेत. तेव्हा पिस्टन, क्रँक समजावत बसत नाही. इंजिनातल्या तेलाकडेच वळतो.

तळाच्या चेंबरमधलं तेल पंप जाळीतून ओढतो. जादा दाब रिलीफ व्हॉल्व्ह सोडून देतो. फिल्टरमधून तेल मुख्य गॅलरीत, तिथून क्रँकच्या मेन बेअरिंगांना, क्रँकमध्येच पाडलेल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना, काही वर कॅमशाफ्टला, आणि पुन्हा खाली चेंबरमध्ये.

पंपाच्या दाबावर क्रँक उचलला जातो, असं वर्कशॉपमध्येही बरेचजण मानतात. तसं नाही. १८८३च्या सुमारास इंग्लंडात ब्युशँप टॉवर रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासत होते. वरच्या भोकातून तेल बाहेर येऊ लागलं म्हणून त्यांनी लाकडी खुंटी ठोकली. तेलानं ती खुंटीच बाहेर ढकलली! पंप नव्हताच. फिरता आस तेल फटीत ओढून स्वतःच दाब तयार करत होता. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. भर पावसात वेगात टायर पाण्यावर तरंगतो ना, तसा क्रँक काही मायक्रॉन जाडीच्या तेलावर तरंगतो. पंपानं फक्त तिथवर तेल पोचवायचं. पण चेंबरमध्ये असेल तर पोचवेल!

(मागून आवाज : "लाल दिवा आहे की!")

आहे ना. पण तो दाब सांगतो, पातळी नाही. जाळी तेलात बुडालेली आहे तोवर दाब टिकतो, दिवा विझलेलाच राहतो. पातळी आणखी उतरली की वळणावर तेल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. दिवा लागेपर्यंत बेअरिंगला झळ बसलेली असू शकते.

तेलाची पातळी न तपासण्याची ही बेफिकिरी आपल्याला आली कुठून? मी ठामपणे म्हणतो, चेतकवरून. १९७२ साली आलेली आपल्या आकुर्डीची स्कूटर. सकाळी ती आडवी करून किक मारलेले किती आहेत? (असंख्य हात वर, हशा) टू-स्ट्रोक इंजिन. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी तेलाचं माप पडायचं. ते मिश्रण क्रँककेसमधून जाताना बेअरिंगला, सिलिंडरला वंगण द्यायचं आणि पेट्रोलबरोबर जळून जायचं. निळा धूर तो हाच. इंजिनासाठी तेल साठवायचं चेंबर नाही, डिपस्टिक नाही, तपासायचं काही नाही. टाकी भरली की काम झालं! दोन पिढ्या या सवयीत वाढल्या आणि त्याच सवयीनं मोटारीत बसल्या. चेतकबद्दल अजून बोललो असतो, पण संयोजकांची चिठ्ठी आली आहे. पाचच मिनिटं.

तेलाचे ग्रेड राहू द्या. मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच घाला. गाडी सपाट जागेवर लावा. इंजिन बंद करून थोडं थांबा. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेपलीकडेही भरू नका. क्रँक तेलात आपटून फेस होतो आणि पंप तोच फेस ओढतो.

घरी जाऊन मोबाइल उघडण्याआधी बॉनेट उघडा. आणि पुढं दर रविवारी.