अनुवाद पाठवला, पुढे काय झालं?

छत्तीसगडमधल्या जामुलचा सिमेंट कारखाना असो की शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना, पाळी सुटताना किती माल निघाला ते कामगाराला कळतं. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि तिचं काम मोजायला पहिल्या दिवसापासून टन होते. मुक्त सॉफ्टवेअरला असं माप सहज सापडत नाही. तिथे माणसं आपापल्या गावी बसून, बहुतेकदा विनामोबदला, काम करतात आणि एकमेकांना क्वचितच भेटतात.

सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचंच उदाहरण पाहावं. पूर्वी अनुवादक फाइल उतरवून घ्यायचा, ओळींचं मराठी करायचा आणि समन्वयकाला ईमेलने पाठवायचा. आपले शब्द घेतले की गाळले, हे बरेचदा नवी आवृत्ती आल्यावरच समजायचं. तोवर उत्साह ओसरलेला असे.

ग्नोम या मुक्त संगणक-पटलाच्या प्रकल्पाने यासाठी ‘डॅम्ड लाइज’ नावाची व्यवस्था उभी केली. आकडेवारीच्या खोटेपणावरच्या प्रसिद्ध इंग्रजी उक्तीवरून हे नाव आलं. प्रत्येक भाषेपुढे तिथे तीन आकडे दिसतात: अनुवादित ओळी, अनुवाद न झालेल्या ओळी आणि ‘फझी’ ओळी. फझी म्हणजे मूळ इंग्रजी वाक्य बदलल्यामुळे जुनं मराठी संशयास्पद ठरलेली ओळ. हा तिसरा आकडा फार मोलाचा आहे. मराठीची टक्केवारी घसरली, पण कुणी काम सोडलेलं नाही, मूळच बदललंय, हे त्यातून स्पष्ट होतं. नुसती टक्केवारी दाखवली असती, तर मेहनत करणाऱ्यालाच अपराधी वाटलं असतं.

मोझिलाचं ‘पाँटून’ हे अनुवादाचं संकेतस्थळ आणखी एक पाऊल पुढे जातं. फायरफॉक्स या ब्राउझरमधल्या एखाद्या ओळीचा मराठी अनुवाद सुचवला की तो कुणी सुचवला, तपासायचा आहे की मंजूर झाला की फेटाळला, हे त्या ओळीपाशीच दिसतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तिथे तर केलेला बदल लगेच ‘अलीकडील बदल’मध्ये झळकतो.

अनुवादाबाहेरही हेच दिसतं. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाच्या स्वयंसेवकांनी घरं नि रस्ते नकाशावर आणले. त्यासाठी प्रदेशाचे चौकोन पाडले होते. एक चौकोन रेखून झाला की त्याचा रंग बदलायचा, मग दुसरा कुणीतरी तो तपासायचा. कुठे हात लावायचा हे विचारावं लागत नसे.

प्रकल्पाची एकूण टक्केवारी चालकांच्या कामाची. काम करणाऱ्याला आपल्या ओळीचं काय झालं ते हवं असतं, आणि ती फेटाळली असेल तर कारणही. विनाकारण आलेला नकार नवख्याला कायमचा दूर लोटतो, म्हणून तपासणाऱ्यांनी कारणाचं एक वाक्य लिहायलाच हवं.

जामुल-भिलाईतल्या मराठी मुलामुलींनी पाँटूनवर मराठी निवडून दहा ओळी कराव्यात, आणि आठवड्याने त्या कुठवर पोचल्या ते पाहावं.