रात्रीच्या रस्त्यासाठी कोणती लेन्स?

दादरच्या फूलबाजारात उजाडायच्या आधी फोटो काढायचे, तर कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ची झूम लेन्स लवकरच हात टेकते. ५५वर ती एफ ५.६च्या पुढे उघडतच नाही. एफ १.८ची साधी प्राइम लेन्स तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे शटर सेकंदाच्या बाराव्या भागाऐवजी सव्वाशेव्या भागावर ठेवता येतं, आणि डोक्यावर टोपली घेऊन लगबगीनं निघालेला हमाल फोटोत नुसता फराटा होत नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथं उपयोगाचं नाही. ते आपला हात सावरतं, हमालाची चाल नव्हे!

मग ३५ की ५०? लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० फारच जवळ आणते, आणि या गर्दीत मागं सरकणार कुठं? मी ३५च घेईन. एफ १.४साठी जादा पैसे मोजणं मला तरी पटत नाही. प्रकाश दीडपटीहून थोडाच जास्त, आणि झेंडूची माळ लख्ख, पण ती ओवणारीचा चेहरा धूसर, असं सहज होतं. एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे उमटले, तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर आणून पाहा.