रक्तदाबाची गोळी आणि चिमूटभर मीठ

रक्तदाब वाढला की डोकं दुखेल, चक्कर येईल, मग बघू, असं बरेच जण धरून चालतात. पण तो बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. आतल्या आत रक्तवाहिन्या कडक करत राहतो, हृदयावरचा भार वाढवतो. म्हणून तिशी ओलांडली की दाब आणि साखर तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. दाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टर बहुधा गोळी सुरू करतात. आणि घोळ होतो तो इथेच. काही दिवसांत आकडा खाली येतो, घरचे म्हणतात, आता कशाला गोळी? अहो, आकडा उतरलाय तो गोळीमुळेच! ती परस्पर बंद करू नका.

दाब आटोक्यात ठेवायचा तर मीठही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही. त्यात पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी सगळं आलं. उपवासाचं सैंधवही शेवटी मीठच. तंबाखू विडीतला असो की मिश्रीतला, सोडायचाच. रोज अर्धा तास भरभर चाला.

आणि हृदयावरच्या या भारामुळे कधी छातीवर दडपण आलं, घाम फुटला, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.