आपल्या माणसांचे आवाज आणि ऑडिओ इंटरफेसची निवड

(महाळुंगे पडवळ येथे वर्षावासातील कार्यक्रमात मंडळाचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



मंडळासाठी ध्वनिमुद्रणाचे साहित्य घ्यावे असे मागील बैठकीत ठरले आणि त्याची चौकशी करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही या विषयातले तज्ज्ञ नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. तरीपण चार ठिकाणी विचारून, हाताळून आणि मुख्य म्हणजे चुका करून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. चूक आधी सांगतो.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही नात्यातल्या एका आजींच्या ओव्या मोबाईलवर टिपल्या. वय ऐंशीच्या पुढे. जाते सुटून कित्येक वर्षे झालेली, पण बाबासाहेबांवरची एक ओवी आठवली की तिच्या मागून दुसरी आपसूक यायची. वर पत्रा, पत्र्याखाली पंखा गरगरत होता. दुसऱ्याच्या घरी जाऊन पंखा बंद करा म्हणायचे आम्हाला जिवावर आले. मोबाईल आजींच्या अगदी तोंडाशी धरला. घरी येऊन ऐकतो तर आजींनी जिथे सूर वर नेला तिथे आवाज फाटलेला, आणि श्वास घ्यायला त्या थांबल्या की मोबाईलने आपल्या मनाने आवाज वाढवून पंख्याची घरघर पुढे आणलेली. पुन्हा जाऊ, नीट टिपू, असे म्हणता म्हणता पाऊस लागला. दिवाळीच्या आत आजी गेल्या. फाटलेला आवाज दुरुस्त करता येईल का म्हणून आम्ही पुण्यात एका जाणकाराला दाखवला. ते म्हणाले, लाटेचा वरचा भाग मुद्रणात आलेलाच नाही, तो आणायचा कुठून? अंदाजाने भरता येईल, पण तो आजींचा नसेल.

हुतात्मा बाबू गेनू याच गावचे. १९०८ चा जन्म, १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर त्यांनी प्राण दिले. त्यांचा आवाज कसा होता? गिरणी कामगाराच्या आवाजाची तबकडी काढायला त्या काळी कोण बसले होते! खुद्द बाबासाहेबांनी आयुष्यभर इतकी भाषणे केली, पण त्यांचा आवाज आज फार थोडा ऐकायला मिळतो. १९५५ सालची बीबीसीची मुलाखत आपण म्हणूनच पुन्हा पुन्हा लावतो. उलट उदाहरणही आहे. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावला भीमनगरात १९९६ साली बाबासाहेबांवरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले, ते आज मोबाईलवर कोणालाही ऐकता येते. त्या वेळी असले यंत्र घेणे तुमच्या-आमच्या आवाक्यातले नव्हते. आज आहे, एवढाच फरक.

आता इंटरफेस म्हणजे काय? माइकमधून येणारी वीज अतिशय क्षीण असते. ती उचलायची, तिचे आकड्यांत रूपांतर करायचे आणि यूएसबीच्या वायरने संगणकाला किंवा मोबाईलला द्यायची, हे काम करणारी ही पाटीएवढीसुद्धा नसलेली डबी. मोबाईलमध्येही हे होते, पण तिथे आवाज किती उचलायचा ते मोबाईल ठरवतो. इथे त्याची कळ आपल्या हातात असते, तिला गेन म्हणतात. आमच्या मते पैसे मोजायचे ते या कळीसाठी.

दुकानदार पहिल्यांदा आकडे दाखवतो. ४८ किलोहर्ट्झ, ९६, १९२. माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते, म्हातारपणी त्याहून कमी. आणि ४८ वर मुद्रण केले की २४ पर्यंतचा आवाज टिपला जातो. तेव्हा १९२ साठी एक रुपयाही जास्त देऊ नये. बिटचा आकडा मात्र जरूर पाहावा. १६ बिटमध्ये आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या होतात, २४ बिटमध्ये १ कोटी ६७ लाखांवर. विद्यार्थ्यांनी हे गणित घरी करून पाहावे. याचा व्यवहारातला फायदा असा की २४ बिटवर आवाज हळू ठेवून मुद्रण केले तरी मागाहून वाढवता येतो आणि खरखर फारशी वाढत नाही. आम्ही गेन अशी ठेवतो की गाणाऱ्याचा सगळ्यात चढा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा. तालमीत कोणी पूर्ण आवाजात गात नाही, ढोलकीवालाही हात राखून वाजवतो. कार्यक्रमात दोघेही चढतात. तेवढी जागा आधीच सोडावी.

माइकची भोके किती हवीत यावर बैठकीत बराच वाद झाला. काही तरुणांचे म्हणणे आठ हवीत. आमचे म्हणणे दोन. एक आवाजाला, एक ढोलकी-पेटीला. बुद्धवंदना, ग्रंथवाचन, भीमगीते, आजीबाईंच्या ओव्या, सारे दोनात भागते. एकाच माइकचे यंत्र स्वस्त पडते, बेहरिंगरचे यूएम २ त्यातलेच, पण त्यात दुसरे भोक गिटारसारख्या वाद्यासाठी असते, माइकसाठी नव्हे. आणि त्याचे मुद्रणही १६ बिटचे. त्याच कंपनीचे यूएमसी २०२ एचडी दोन माइकचे आणि २४ बिटचे आहे. फोकसराइटचे स्कारलेट २ आय २ त्याहून महाग. त्याच्या २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत गेन आपोआप ठरवण्याची आणि आवाज फाटू लागला तर कमी करण्याची सोय आहे. ती सोय आमच्याकडे असती तर आजी... असो. मंडळाच्या पैशात पहिलेच बसते आणि आमची शिफारस त्याचीच आहे. राहिलेले पैसे माइक, स्टँड आणि वायरींवर घालावेत. भारी इंटरफेसला हलका माइक लावणे म्हणजे चांगल्या विहिरीला गळकी बादली.

माइक दोन जातींचे. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो इंटरफेस देतो. हा माइक बारीकसारीक सगळे ऐकतो. पत्रा, पंखा, रस्त्यावरचा ट्रॅक्टरसुद्धा. आपल्या विहारासाठी आणि घरांसाठी साधा डायनॅमिक माइक बरा. त्याला हा पुरवठा लागत नाही, आणि तो तोंडाजवळ धरून गायचा असल्याने आजूबाजूचा आवाज मागे पडतो. वायर तीन पिनांची एक्सएलआरच घ्यावी. तिच्यातून आवाज दोन तारांनी उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेला विजेचा गुणगुणाट दुसऱ्या टोकाला एकमेकांत वजा होतो. तरीही गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आमची अर्धी तक्रार तिथेच मिटली.

गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज क्षणभर उशिरा आला तर चांगला गाणारासुद्धा बिचकतो. त्यासाठी डायरेक्ट मॉनिटर नावाचे बटण असते. त्याने आवाज संगणकाची वाट न धरता सरळ कानात येतो. घेण्याआधी ते आहे का पाहावे.

आता थेट प्रक्षेपणाविषयी. मुंबईला, भोसरीला, चाकणला कामाला असलेल्या आपल्या मुलांना १४ एप्रिलचा, वैशाख पौर्णिमेचा कार्यक्रम घरबसल्या दिसावा ही मागणी जुनी आहे. मोबाईलला इंटरफेस जोडला तरी प्रक्षेपणाचे अॅप कधी कधी मोबाईलच्याच माइकमधून आवाज घेत राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. सुरू करण्यापूर्वी एकदा मोबाईलवर टिचकी मारावी, एकदा माइकवर, आणि कोणती ऐकू आली ते दुसऱ्या मोबाईलवर पाहावे. काही मोबाईल इंटरफेसला पुरेशी वीजही देऊ शकत नाहीत, मग स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब मध्ये लावावा लागतो. यूट्यूबवर मोबाईलवरून प्रक्षेपणाला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा ही सोय चालू व्हायला २४ तास लागू शकतात. म्हणून आदल्या दिवशी जागे होऊन उपयोग नाही. लॅपटॉप असेल तर ओबीएस हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उत्तम. लॅपटॉपवर लावलेली वंदनाही त्यातून जाते, तेव्हा लूपबॅक नावाच्या सोयीसाठी वेगळे पैसे घालू नयेत.

मंडपात साउंडवाल्याचा मिक्सर असेल तर त्याच्या लाइन-आउटमधून एक वायर आपल्या इंटरफेसला घ्यावी. मात्र त्यात फक्त वक्ता येतो. समोरच्या लोकांचे 'जयभीम' येत नाही. दुसऱ्या भोकात एक माइक लोकांकडे तोंड करून लावला की कार्यक्रम जिवंत वाटतो. आणि नेट गेले, वीज गेली, प्रक्षेपण तुटले, तरी लॅपटॉपवर मुद्रण वेगळे चालू राहिले पाहिजे. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर दोन वाटांचे एका तासाचे मुद्रण साधारण १ जीबी होते. ते दोन ठिकाणी ठेवावे, एक प्रत मंडळात आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी. बँकेत हिशेबाच्या प्रती अशाच ठेवतात.

बैठकीत एका बांधवांनी विचारले की एवढ्या पैशात जयंतीच्या मिरवणुकीला डॉल्बीची आणखी एक भिंत आली असती. आली असती हे खरे. आम्ही तीन दुकानांची दरपत्रके सचिवांकडे दिली आहेत, निर्णय सभेने घ्यावा. दरम्यान यंत्र येईपर्यंत थांबू नये म्हणून एका स्नेह्याकडून चार दिवसांसाठी मागून आणले आहे. गावातल्या दोन आजींनी आणि एका जुन्या गायन पार्टीतल्या बाबांनी होकार दिला आहे. रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी जायचे आहे. विद्यार्थ्यांपैकी दोघांनी हेडफोन घेऊन यावे, एकाने वहीत ओव्या उतरवून घ्याव्यात. गाणाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची आणि मुद्रण झाल्यावर ते पहिल्यांदा त्यांनाच ऐकवायचे. पंखा बंद करायला या वेळी आम्हीच सांगू.

जयभीम! नमो बुद्धाय!