लेप्टोस्पायरोसिस आणि घरातील दक्षता

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत ज्याची साथ आली, तो लेप्टोस्पायरोसिस उंदीर-घुशींच्या मूत्रातून पसरणाऱ्या, मळसूत्रासारखा पीळ असलेल्या जिवाणूंमुळे होतो; हे जिवाणू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात तग धरतात आणि त्वचेवरील जखमांतून शरीरात शिरतात. शेतातील उंदीर पावसात घराकडे वळतात, म्हणून धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे व भिंतीतील बिळे सिमेंटने बुजवावीत. केवळ मांजरावर भिस्त पुरेशी नसते. उंदरांच्या लेंड्या कोरड्या न झाडता ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून पुसाव्यात. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर २ ते ३० दिवसांत ताप किंवा पोटऱ्यांत तीव्र वेदना जाणवल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.