गौर मांडायची वेळ

निवृत्तीनंतर मी डेहराडूनला राहतो. इथे चैत्र दोनदा येतो. मार्चच्या मध्याला, संक्रांतीला, फूलदेई असते. पहाडी घरांतली मुलं भल्या सकाळी उंबऱ्यावर फुलं ठेवून जातात, त्यांना तांदूळ-गूळ द्यायचा. मग तिथीने येणारा आपला पाडवा आणि कडुलिंबाच्या कोवळ्या पाल्याची चटणी. तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते, ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत.

हे सगळं माझी पत्नी करायची. ती गेल्यावर वाटलं, संपलं आता. पुरुष कसलं हळदीकुंकू करणार?

पण चैत्रात बाजारात कैऱ्या आल्या. नोकरीत तारखा आदेशाने ठरायच्या. ही तारीख कैरीने ठरवली. हरभऱ्याची डाळ भिजवली, भरड वाटली, कैरी किसून घातली, वर हिंग-मोहरीची फोडणी. पन्ह्यासाठी कैऱ्या उकडल्या, गर काढून त्यात गूळ-वेलची घातली. कुंकवाची कोयरी शेजारच्या गढवाली वहिनींच्या हाती दिली. संध्याकाळी पंधराएक बायका आल्या. निम्म्यांनी आंबेडाळ पहिल्यांदाच चाखली, आणि कृती मला विचारली!

शांतीवरची पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. सलग झोप मात्र त्या रात्री लागली, कित्येक महिन्यांनी. यंदा झोपाळ्याला फुलं बांधायचं काम फूलदेईच्या मुलांनी मागून घेतलंय.