सायकलला जोडलेले इंजिन

(जुळे सोलापूर येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्राविषयी अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. परंतु गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या पंधरा वर्षांच्या मुलाने, येथेच जुळे सोलापुरात, फवारणीच्या जुन्या पंपाचे पेट्रोल इंजिन आपल्या सायकलला बसविले आणि घरात दोन तट पडले. आमच्या दाजींच्या मते तो निव्वळ पोरखेळ, तर मुलाच्या विज्ञानाच्या गुरुजींच्या मते प्रदर्शनात मांडण्याजोगे काम. निवाडा माझ्याकडे आला, कारण मी सरकारी माणूस! त्या निमित्ताने जे समजून घेतले, तेच आज आपणांपुढे ठेवतो.

जपानातील हमामात्सु हे आपल्या सोलापुरासारखेच मागांचे शहर. तेथे १९०९ साली मिचिओ सुझुकी यांनी माग तयार करण्याचा कारखाना काढला. महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्याच शहरात सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या बिनतारी यंत्रांसाठी बनविलेली लहान इंजिने सायकलींना जोडून विकावयास प्रारंभ केला. पुढे १९५२ मध्ये सुझुकींच्या कारखान्याने ‘पॉवर फ्री’ नावाची ३६ सी.सी. इंजिनाची सायकल बाजारात आणली. माग घडविणारे हात दुचाकीकडे वळले ते या वाटेने. आपल्याकडे १९७२ साली आलेल्या कायनेटिकच्या लूनालाही पायडल होतेच. तेव्हा मुलाची कल्पना हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती.

त्याची पहिली अडचण गणिताची होती. असे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे सहज घेते. सायकलचे २६ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर जाते. म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाला चाकाचे दोनशे फेरे पुरेत. इंजिनाचे तीस फेरे व्हावेत तेव्हा चाकाचा एक, हे एका साखळीने साधेना. मग पाचपट आणि सहापट असे दोन टप्पे त्याने केले. गुणोत्तराचा धडा पुस्तकातून न उमगलेल्या या मुलाला दातेरी चक्रांचे दात मोजताना तो उमगला, हे गुरुजींनी मला मुद्दाम सांगितले.

दुसरी अडचण मात्र जीवावरची. वेग दुप्पट झाला की थांबविण्याची ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक तर तेच, पायडलच्या वेगासाठी केलेले रबराचे. पावसाच्या एका सकाळी ओल्या रिमवर ते घसरले आणि पोरगा कडुलिंबावर जाऊन आदळला. मनगट मोडले. वाटेत कोणाचे लेकरू नव्हते, हे नशीब.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण येथे मोठा गैरसमज आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येतून चारांहून कमी चाकांचे आणि २५ सी.सी.पर्यंतच्या इंजिनाचे वाहन वगळलेले आहे. मुलाने एवढे वाचून ठेवले होते. मी पंपावरची पाटी पुसून पाहिली, तो आकडा २५.६! त्या अर्ध्याशा सी.सी.ने नोंदणी, विमा, परवाना सारे लागू झाले. नोंदणीला मान्यताप्राप्त चाचणी झालेला नमुना लागतो. घरची जोडणी तेथे टिकत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. दाजी हे ऐकून बराच वेळ बोलले नाहीत. आणि इंजिन २५ सी.सी.च्या आतले असले, तरी सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेखाली उरतोच.

निवाडा मी असा दिला: इंजिन काढावयाचे नाही, मात्र सायकल रस्त्यावर न्यावयाची नाही. शाळेच्या पडवीत लोखंडी घोडीवर तिचे मागचे चाक अधांतरी ठेवले आहे. साखळीवर पत्र्याचे आवरण बसविल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, ही गुरुजींची अट. मुले फेरे मोजतात, तेलाचे प्रमाण बदलून धूर पाहतात, ब्रेक दाबून चाक किती सेकंदांत थांबते ते वहीत लिहितात. आपल्या गावच्या शाळेत एखादी पडवी रिकामी असेल, तर पंचायतीने अशी एक घोडी करून द्यावी, एवढीच विनंती. पेट्रोलचा प्रश्न आमच्याकडे सुटला आहे. ते दाजी स्वतः आणून देतात.